चौक मोकळा होतो, कोंडी पुढे सरकते : चांदणी चौकाचा अनुभव आणि शिरूर-दौंडचे प्रश्न

शिरूर/दौंड : पुणे शहराच्या पूर्वेकडील दोन प्रमुख रस्त्यांवर उन्नत मार्ग उभारण्यास राज्य शासनाने मान्यता दिली असून, त्यामुळे शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांपुढे आशा आणि शंका एकाच वेळी उभ्या राहिल्या आहेत. पुणे ते शिरूर या सुमारे ५३ किलोमीटरच्या सहापदरी उन्नत मार्गाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. त्याचा अपेक्षित खर्च ७ हजार ५१५ कोटी रुपये आहे. सोलापूर रस्त्यावरील हडपसर ते यवत या सुमारे ५ हजार २६२ कोटींच्या मार्गाला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. या रस्त्यांवर रोजची वाहतूककोंडी सोसणाऱ्या प्रवाशाला हे निर्णय दिलासा देणारे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र चौकात दुकान असलेला व्यापारी, रस्त्यालगत शेत असलेला शेतकरी आणि पायी रस्ता ओलांडणारा कामगार यांचे प्रश्न वेगळे आहेत. उन्नत मार्गाचे उतार कोठे येणार, खालचा रस्ता कसा असणार आणि आपले म्हणणे नेमके कोणत्या टप्प्यावर ऐकले जाणार, हे ते प्रश्न होत.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. याच जिल्ह्यात, शहराच्या पश्चिम टोकाला असलेल्या चांदणी चौकाची सुधारणा २०१७ ते २०२३ या काळात झाली. तेथील नागरिकांच्या प्रतिक्रिया कामाआधी, कामादरम्यान आणि कामानंतर कशा बदलत गेल्या, हे पाहिल्यास शिरूर-दौंडकरांना आपल्या चौकांविषयी कोणते प्रश्न आधीच विचारावेत, याचा अंदाज येऊ शकतो.

दोन महामार्ग, एक जोडरस्ता

पुणे-अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) रस्ता जनसामान्यांच्या तोंडी आजही 'नगर रोड' आहे. खराडी, वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव अशी गावे ओलांडत तो शिरूरला पोहोचतो. एकेकाळची ही गावे आता गृहसंकुले आणि कारखान्यांनी एकमेकांना जवळपास जोडली गेली आहेत. वाघोलीचा तर जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत समावेश झाला. शिक्रापूर येथे चाकणकडून येणारा रस्ता नगर रस्त्याला मिळतो आणि चाकण, सणसवाडी, रांजणगाव या औद्योगिक क्षेत्रांतील अवजड वाहनांची येथे गाठ पडते.

दुसरीकडे पुणे-सोलापूर महामार्ग हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन या मार्गाने यवतजवळ दौंड तालुक्यात येतो आणि पुढे चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ असा जातो. चौफुला या नावातच चार वाटांचा मेळ आहे. केडगाव-पारगाव-न्हावरामार्गे शिरूरला जाणारा आणि सुपे-मोरगावकडे जाणारा असे दोन रस्ते येथे महामार्गाला मिळतात. अष्टविनायक यात्रेतील रांजणगाव आणि मोरगाव या दोन क्षेत्रांना जोडणारा हा सोयीचा मार्ग असल्याने भाविकांची वाहनेही येथे मोठ्या संख्येने येतात.

या जोडरस्त्याचे महत्त्व दरवर्षी १ जानेवारीला विशेष जाणवते. पेरणे येथील जयस्तंभास अभिवादनासाठी लाखोंचा समुदाय येत असल्याने नगर रस्त्यावरील वाहतूक वळविण्यात येते. नगरकडून पुण्याकडे जाणारी वाहने शिरूरजवळून न्हावरा, पारगाव, चौफुला, यवत आणि हडपसर अशी पाठविली जातात. एका महामार्गाचा भार दुसऱ्या महामार्गावर कसा जातो, याचे हे दरवर्षीचे प्रात्यक्षिकच म्हणावे लागेल. म्हणूनच दोन उन्नत मार्गांचा विचार सुटा सुटा करून चालणार नाही.

दोन्ही तालुक्यांच्या स्थितीत एक मूलभूत फरकही आहे. दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन आहे आणि पुणे-दौंड मार्गावर मार्च २०१७ पासून डेमू गाडी धावू लागली. शिरूरला मात्र रेल्वेच नाही. तेथील विद्यार्थी, कामगार, रुग्ण आणि शेतमाल या सर्वांची भिस्त एकट्या नगर रस्त्यावर आहे. त्यामुळे या रस्त्यावरील बांधकाम किती वर्षे चालणार आणि त्या काळात किती पदर वाहतुकीस खुले राहणार, हा शिरूरकरांसाठी दैनंदिन जगण्याचा प्रश्न आहे.

चांदणी चौकाची सहा वर्षे

मुंबई-बंगळूर महामार्ग, कोथरूडकडून येणारा पौड रस्ता, मुळशी तालुक्याकडे जाणारा रस्ता, बावधन आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडील रस्ता अशा अनेक दिशांची वाहने चांदणी चौकात एकत्र येतात. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते ऑगस्ट २०१७ मध्ये येथील प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. परंतु महापालिकेकडे असलेले भूसंपादन दीर्घकाळ रेंगाळले आणि कामाची गती मंदावली. भूमिपूजनाच्या वेळी स्वागत करणारे नागरिक पुढे याच प्रकल्पाच्या विलंबाविषयी तक्रार करू लागले.

ऑगस्ट २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचा ताफा या चौकातील कोंडीत सापडला आणि तेथील नागरिकांनी त्यांच्यासमोर गाऱ्हाणे मांडले. त्यानंतर प्रशासकीय हालचालींना वेग आला. २ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे चौकातील जुना पूल स्फोटकांच्या साह्याने पाडण्यात आला. त्यासाठी सुमारे ६०० किलो स्फोटके वापरण्यात आली, तरी पूल एका दणक्यात पूर्ण कोसळला नाही आणि उर्वरित भाग यंत्रांनी काढावा लागला. अखेर १२ ऑगस्ट २०२३ रोजी प्रकल्पाचे उद्घाटन झाले. उड्डाणपूल, आठ रॅम्प, भुयारी मार्ग आणि सेवा रस्ते मिळून जवळपास १७ किलोमीटर लांबीच्या या कामाचा एकूण खर्च ८६५ कोटी रुपये सांगण्यात आला.

या घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. स्थानिकांचे गाऱ्हाणे ऐकले गेले, परंतु ते ऐकले जाण्यासाठी एका उच्चपदस्थाला कोंडीत अडकावे लागले. तक्रार ऐकण्याची नियमित व्यवस्था असती, तर हा योगायोग आवश्यक ठरला नसता.

उद्घाटनानंतरच्या तक्रारी

चौक खुला झाल्यानंतर महामार्गावरील सरळ जाणाऱ्या वाहनांना निश्चितच दिलासा मिळाला. त्याचबरोबर नव्या तक्रारीही सुरू झाल्या. पहिली तक्रार दिशादर्शक फलकांची होती. कोणत्या रॅम्पने गेल्यास कोठे पोहोचता येईल, हे वाहनचालकांना उमगेना. एक वळण चुकल्यास बराच फेरा पडू लागला आणि पुणेकरांनी या रचनेस चक्रव्यूहाची उपमा दिली. त्यानंतर फलकांत सुधारणा करण्यात आल्या.

दुसरी तक्रार अधिक गंभीर, पादचाऱ्यांची होती. बस वा खासगी वाहनातून महामार्गावर उतरलेल्या माणसाने पलीकडे जायचे कसे, याचे सुरक्षित उत्तर नव्या रचनेत नव्हते. लोक जीव मुठीत धरून वेगवान वाहनांतून रस्ता ओलांडू लागले आणि पादचारी पुलाची मागणी पुढे आली. ८६५ कोटींच्या कामानंतर पायी चालणाऱ्यासाठी वेगळी मागणी करावी लागणे, हे आराखड्याच्या वेळी कोणाचे म्हणणे कानावर आले नव्हते, याचेच द्योतक होते.

तिसरा मुद्दा कोंडीच्या स्थलांतराचा. एका चौकातून वाहने वेगाने बाहेर पडू लागली की ती पुढच्या अरुंद ठिकाणी साचतात. चांदणी चौकाच्या पलीकडे मुळशीकडे जाताना भूगावचा अरुंद रस्ता तसाच राहिल्याने तेथील रांगा कायम राहिल्या. उतार जेथे, गर्दी तेथे, हा उड्डाणपुलांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

शिरूर-दौंडसाठी हा तिसरा मुद्दा कळीचा आहे. सोलापूर रस्त्यावरील नियोजित उन्नत मार्ग यवतला संपणार असल्याने वरून वेगाने येणारी वाहने तेथे जमिनीवर उतरतील आणि अवघ्या काही किलोमीटरवर चौफुल्याचा चौक त्यांच्यापुढे येईल. नगर रस्त्यावर हाच प्रश्न शिरूरच्या टोकाला उद्भवेल. मधल्या भागात शिक्रापूर, सणसवाडी व रांजणगाव येथे चढ-उतार कोठे दिले जातात, यावर त्या गावांतील कोंडी सुटणार की वाढणार, हे ठरेल.

विद्यापीठ चौकाचा महागडा धडा

चांदणी चौकाइतकाच बोलका अनुभव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासमोरील चौकाचा आहे. तेथील उड्डाणपूल उभारल्यानंतर दोन दशकेही पूर्ण होण्याआधी, २०२० च्या टाळेबंदीच्या काळात पाडण्यात आला. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या मार्गाशी त्याचा मेळ बसत नव्हता. त्याच्या जागी खाली वाहने आणि वर मेट्रो अशा दुमजली पुलाचे काम हाती घेण्यात आले आणि त्यातील औंधहून शिवाजीनगरकडे जाणारा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. मधली पाच वर्षे नागरिकांनी जी कोंडी सोसली, तिची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही.

नगर रस्त्यावर हीच परिस्थिती येऊ नये, यासाठी आताच दक्षता आवश्यक आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ जून २०२५ रोजी वनाज-रामवाडी मेट्रो मार्गिकेच्या दोन्ही टोकांच्या विस्ताराला मंजुरी दिली. पश्चिमेकडे वनाज ते चांदणी चौक आणि पूर्वेकडे रामवाडी ते वाघोली असा हा एकूण १२.७५ किलोमीटरचा, १३ स्थानकांचा आणि सुमारे ३ हजार ६२६ कोटींचा विस्तार आहे. याचा अर्थ वाघोलीपर्यंतच्या पट्ट्यात मेट्रो आणि उन्नत रस्ता यांना एकाच रस्त्याच्या रुंदीत जागा हवी आहे. दोन यंत्रणांचे खांब, स्थानके आणि रॅम्प यांची सांगड कागदावर बसली नाही, तर ती पुढे पाडकामाने बसवावी लागते, हे विद्यापीठ चौकाने दाखवून दिले आहे. याच नगर रस्त्यावर २०१६ मध्ये सुरू झालेल्या बीआरटी मार्गाचा काही भाग पुढे काढून टाकण्यात आला, हेही विसरता येणार नाही.

मोजणी कोणत्या महिन्यात?

चौकाचा आराखडा वाहनांच्या मोजणीवर उभा असतो. चार रस्ते मिळणाऱ्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना छेदण्याचे, मिळण्याचे वा फुटण्याचे ३२ बिंदू तयार होतात, तर तीन रस्त्यांच्या तिठ्यावर ते ९ असतात. हे बिंदू कमी करण्यासाठी सिग्नल, वर्तुळाकार बेट, भुयारी मार्ग वा उड्डाणपूल यांपैकी काय निवडायचे, हे वाहनसंख्या पाहून ठरते.

येथे नुसती संख्या पुरत नाही. रस्तेबांधणीचे मानदंड ठरविणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पद्धतीनुसार प्रत्येक वाहनाचे मोटारीच्या तुलनेत वजन धरले जाते. मोटार १ एकक धरल्यास दुचाकी अर्धा, मालमोटार वा बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी तब्बल ८ एकके धरली जाते. शिरूर-दौंडच्या दृष्टीने हा तपशील मोलाचा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाने भरलेले ट्रॅक्टर, मालमोटारी आणि बैलगाड्या वसंत ऋतूपर्यंत या रस्त्यांवर असतात. केडगाव-पारगाव परिसरातील गुऱ्हाळांकडे जाणारा ऊस वेगळाच. पावसाळ्यात मोजणी केल्यास यातील काहीच दिसणार नाही आणि चौफुला वा न्हावरा फाट्यावरचा आराखडा प्रत्यक्षापेक्षा तोकडा ठरेल.

याच कारणास्तव ग्रामीण रस्त्यांवरील वाहतूक गणना वर्षातून किमान दोनदा, प्रत्येक वेळी सलग सात दिवस करावी आणि त्यातील एक सुगी व विक्रीच्या ऐन हंगामात असावी, अशी इंडियन रोड्स काँग्रेसची शिफारस आहे. आपल्या चौकातील मोजणी कोणत्या महिन्यात झाली, हा प्रश्न ग्रामस्थांनी विचारणे म्हणूनच पूर्णतः रास्त आहे. सविस्तर प्रकल्प अहवाल आणि त्यातील वाहतूक गणनेची माहिती २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली मागता येते.

स्वागत आणि विरोध यांच्या मध्ये

स्थानिकांची प्रतिक्रिया म्हटली की ती स्वागत किंवा विरोध अशा दोनच रकान्यांत टाकण्याची सवय यंत्रणेला आणि वृत्तपत्रांनाही आहे. प्रत्यक्षात एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात हितसंबंध वेगळे असतात. पुण्यात नोकरीस जाणाऱ्या मुलाला उन्नत मार्ग हवा असतो, तर चौकात हॉटेल वा गॅरेज चालविणाऱ्या वडिलांचा व्यवसाय थांबणाऱ्या वाहनावर चालतो. वाहने डोक्यावरून निघून गेली, तर खालची बाजारपेठ ओस पडण्याची भीती त्यांना वाटणे अनाठायी नाही. सणसवाडी वा रांजणगावच्या कारखान्यात पाळी संपवून निघालेल्या कामगाराला मात्र वेगवान मार्गापेक्षा रस्ता ओलांडण्याची सुरक्षित सोय महत्त्वाची वाटेल.

पथकराचा प्रश्नही याच प्रकारचा आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या पथकर नियमांत नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या बिगरव्यावसायिक वाहनांना सवलतीच्या मासिक पासची तरतूद आहे. शेतमाल वाहणारा टेम्पो मात्र व्यावसायिक वाहनात मोडतो. त्यामुळे नाका कोठे असणार आणि खालचा रस्ता विनाशुल्क व सुस्थितीत राहणार काय, हे मुद्दे शेतकऱ्यांसाठी कळीचे आहेत.

दौंड शहराला तर दुर्लक्षित कोंडीचा अनुभव नवा नाही. लोहमार्गाने दुभंगलेल्या या शहराचे दोन भाग जोडणारी कुरकुंभ मोरी ही अरुंद वाट अनेक वर्षे नागरिकांच्या त्रासाचा विषय ठरली. पावसाळ्यात साचणारे पाणी, अडकणारी वाहने आणि नव्या मोरीच्या कामाचे रेंगाळणे यांवर वारंवार आवाज उठविण्यात आला. हजारो कोटींच्या मार्गांची घोषणा होत असताना शहराच्या पोटातील एका मोरीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, ही खंत दौंडकरांच्या प्रतिक्रियेमागे असते, हे समजून घ्यावयास हवे.

हरकतीची मुदत

म्हणणे मांडण्याची कायदेशीर जागा अस्तित्वात आहे, पण ती अरुंद आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ अन्वये भूसंपादन होत असल्यास कलम ३-अ खालील प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आत जमिनीशी हितसंबंध असलेल्या व्यक्तीला लेखी हरकत घेता येते आणि सक्षम प्राधिकाऱ्याने तिला सुनावणी देणे बंधनकारक असते. त्यानंतरच्या अंतिम घोषणेने जमीन शासनाकडे जाते. मोबदला अमान्य असल्यास लवादाकडे दाद मागता येते, मात्र तेथे वाद रकमेचा असतो, आखणीचा नव्हे. म्हणजेच आखणीविषयी जे काही बोलायचे, ते पहिल्या तीन आठवड्यांतच बोलावे लागते. अधिसूचना स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते, त्यामुळे तिच्याकडे लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.

ज्यांची जमीन जात नाही, परंतु ज्यांचा चौक बदलतो, त्यांच्यासाठी या कायद्यात जागा नाही. पादचारी, विद्यार्थी, भाडेकरू दुकानदार हे सर्व त्यात मोडतात. त्यांच्यासाठी ग्रामसभेचा ठराव हे एक साधन उरते. असा ठराव महामार्ग यंत्रणेवर बंधनकारक नसला, तरी तो लेखी नोंद ठरतो. शिवाय पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत शिरूर व दौंड तालुक्यांचा काही भाग येत असल्याने तेथेही पाठपुरावा करता येतो. शिरूर लोकसभा मतदारसंघात शिरूरबरोबर हडपसरही येते, तर दौंड बारामती मतदारसंघात आहे. त्यामुळे दोन्ही रस्त्यांचा एकत्रित विचार घडवून आणण्यासाठी दोन्ही खासदारांकडे एकाच वेळी निवेदने जाणे उपयुक्त ठरेल.

ठराव करताना मोघम मागण्यांपेक्षा नेमके मुद्दे अधिक परिणामकारक ठरतात. रॅम्पची जागा, पादचाऱ्यांसाठी ओलांडण्याची ठिकाणे, एसटी व पीएमपीचे थांबे, पावसाच्या पाण्याचा निचरा, उसाच्या ट्रॉलीला वळण्यापुरती जागा आणि बांधकामाच्या काळातील पर्यायी मार्ग, हे ते मुद्दे. यांतील प्रत्येक गोष्ट आराखड्यात असताना एका रेघेने बदलते. काँक्रीट ओतल्यानंतर तिला कोट्यवधी रुपये आणि कित्येक वर्षे लागतात.

चांदणी चौकात फलक उद्घाटनानंतर सुधारले गेले आणि पादचारी पुलाचा विषयही नंतरच पुढे आला. विद्यापीठ चौकात आधी बांधलेला पूल नंतर पाडावा लागला. शिक्रापूर आणि चौफुल्याच्या बाबतीत हा क्रम उलटा करण्याची संधी आहे. ती साधण्यासाठी यंत्रणेने आराखडे गावोगावी मांडणे आणि ग्रामस्थांनी ते बारकाईने पाहणे, या दोन्ही गोष्टी पहिला खांब उभा राहण्याआधी घडणे आवश्यक आहे.